तेल जास्त झालं तर?

बालमित्रांनो, आमटीत मीठ कमी पडलं तर काय करतात? वरून चिमूटभर घालतात आणि ढवळतात. झालं काम! पण जास्त पडलं तर? मग घरात धावपळ सुरू होते. कुणी म्हणतं बटाटा टाका, कुणी म्हणतं पाणी वाढवा, कुणी कणकेचा गोळा सोडायला सांगतं. कमी पडलेलं भरून काढणं सोपं, पण जास्त झालेलं परत काढून घेणं मोठं अवघड.

मोटारीच्या इंजिनातल्या तेलाचंही अगदी असंच आहे. तेल कमी झालं की इंजिन खराब होतं, हे बहुतेक मोठ्या माणसांना ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ जण असा विचार करतात, "कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त असलेलं बरं! तेलच तर आहे. वाया थोडंच जाणार?" आणि डबा उपडा करतात.

पण इंजिनाला हे 'थोडं जास्त' चालत नाही. त्याला मोजून तेल लागतं. ते जास्त झालं तर काय होतं, का होतं आणि तसं झालंच तर काय करायचं, हे आज आपण पाहू या. तुमच्या घरी मोटार नसेल, तरी स्कूटर किंवा मोटारसायकल असेल. तीही नसली, तर गावातून शाळेला येणारी जीप, रिक्षा, एसटी आहेच. ही गोष्ट त्या सगळ्यांची आहे. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या मात्र यातून सुटल्या. त्यांच्यात असं इंजिनही नसतं आणि इंजिनाचं तेलही नसतं.

तेल करतं तरी काय?

हाताचे दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात घासून पाहा. गरम होतात ना? आता तळव्यांना खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा आणि पुन्हा घासा. हात सरसर घसरतात आणि तितके तापत नाहीत. इंजिनात तेल असतं ते मुख्यतः याचसाठी.

इंजिनात लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे पुष्कळ भाग एकमेकांना खेटून फिरत असतात, वरखाली होत असतात. पेट्रोल किंवा डिझेल जळलं की त्याच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनला जोडलेला दांडा खालचा एक वाकडातिकडा दणकट आस फिरवतो. त्या आसाला क्रँकशाफ्ट म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा आठवतो का? हात वरखाली होतो आणि रहाट गोल फिरतो. क्रँकशाफ्टचं कामही तसंच. पिस्टनचं वरखाली होणं तो गोल फिरण्यात बदलतो आणि तेच फिरणं पुढे चाकांपर्यंत जातं.

हे सगळे भाग कोरडे घासले तर काही मिनिटांत तापून एकमेकांना चिकटून बसतील. म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. किती पातळ? तुमच्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ! पण त्या थरामुळे धातू धातूला टेकतच नाही. क्रँकशाफ्ट बेअरिंगवर फिरत नाही, तर तेलावर तरंगत फिरतो, असं म्हटलं तरी चालेल.

तेलाची आणखीही कामं आहेत. ते तापलेल्या भागांची उष्णता सोबत घेऊन खाली येतं. काजळी आणि धातूचा बारीक चुरा वाहून फिल्टरपर्यंत नेतं. आतल्या भागांना गंज चढू देत नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली बारीक फटही तेच बुजवतं. एकटं तेल आणि कामं किती, पाहा!

रिकाम्या जागेलाही काम असतं

आता हे तेल राहतं कुठे? इंजिनाच्या अगदी तळाशी एक परात असते. गॅरेजमधले कारागीर तिला 'चेंबर' म्हणतात. खड्ड्यात दगडावर आपटून चेंबर फुटला, असं तुम्ही मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं असेल. तोच हा चेंबर. एक पंप तिथून तेल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने सगळ्या भागांना पुरवतो. काम झालं की तेल ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येतं. पुन्हा वर, पुन्हा खाली. माणसाच्या शरीरात रक्त फिरतं ना, तसं.

चेंबरच्या वरच क्रँकशाफ्ट फिरत असतो. आणि तो किती वेगाने फिरतो? महामार्गावर धावणाऱ्या मोटारीचं इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतं. तीन हजार धरा. भागिले साठ. म्हणजे दर सेकंदाला पन्नास फेरे! तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत पन्नास!

इंजिन तयार करणाऱ्यांनी तेलाची पातळी आणि हा फिरणारा क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये थोडी जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. आपल्याला वाटतं, ही जागा उगीच मोकळी पडली आहे, भरून टाकू या तेलाने. पण त्या रिकाम्या जागेलाही काम असतं, बरं का! क्रँकशाफ्टने तेलाला शिवू नये, हे तिचं काम.

तेल जास्त झालं की ही जागा भरते. मग क्रँकशाफ्टचे जाड जाड वजनदार भाग फिरता फिरता तेलात बुडतात. सेकंदाला पन्नास वेळा ते तेलाला फटके मारतात. पुढे काय होतं, हे सांगायला आजीपेक्षा चांगलं कोण? ताक घुसळताना रवी फिरली की ताकावर काय येतं? फेस! तेलाचंही तेच होतं. चेंबरमध्ये तेलाचा फेस होतो. इंजिनाच्या तेलात फेस कमी व्हावा म्हणून कारखान्यातच एक द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेलं असतं. पण त्यालाही मर्यादा आहे. सतत घुसळलं तर ते बिचारं किती पुरणार?

करून पाहा

फेस झाला म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. वर्गात मुलांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही एक प्रयोग करून पाहिला. तुम्हीही करा.

साहित्य : एक पातेलं, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब, ताक घुसळायची रवी आणि सुई नसलेली प्लॅस्टिकची नवी सिरिंज. (बाळांच्या औषधाच्या बाटलीबरोबर मिळते ती चालेल. वापरलेली किंवा कुठे पडलेली सिरिंज मुळीच उचलायची नाही.)

कृती : पातेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि त्यात साबण मिसळा. आता रवी पाण्याच्या वर बोटभर अंतरावर धरून जोरात फिरवा. पाणी शांत राहतं. मग रवी इतकी खाली आणा की तिचे दाते पाण्यात बुडतील. पुन्हा फिरवा. बघता बघता फेसच फेस!

आता सिरिंजमध्ये नुसतं पाणी भरा. आतली हवा काढून टाका. सिरिंजच्या तोंडावर बोट घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. तो हलणार नाही. पाणी दबत नाही.

मग सिरिंज रिकामी करा. दट्ट्या बाहेर काढून चमच्याने आत फेस भरा आणि दट्ट्या पुन्हा बसवा. तोंडावर बोट दाबून ढकला. आता काय झालं? दट्ट्या आत गेला! कारण फेसात हवा असते आणि हवा दबते.

इंजिनातही हेच होतं. पंपाने तेलाऐवजी फेस ओढला की तेलाचा दाब कमी होतो. जो पातळ थर क्रँकशाफ्टला तरंगत ठेवतो, त्या थरात तेल कमी आणि हवा जास्त अशी स्थिती होते. हवेवर लोखंडाचं वजन कसं पेलणार? मग धातू धातूला घासू लागतो. म्हणजे गंमत पाहा, तेल जास्त टाकलं आणि बेअरिंगला मात्र ते कमी मिळालं! भरल्या घरात उपाशी राहावं, तशी इंजिनाची गत होते.

(प्रयोग झाला की रवी स्वच्छ धुऊन जागेवर ठेवा. ताकाला साबणाचा वास आला, तर बोलणी तुम्हालाच खावी लागतील!)

आणखी काय बिघडतं?

तेल घुसळायला ताकद लागते. ताक घुसळून हात दुखतात ना? इंजिनाचीही ताकद त्यात खर्च होते. ते जास्त तापतं आणि पेट्रोल जास्त खातं.

दुसरं असं, की इंजिनाच्या आतला दाब वाढतो आणि तेल बाहेर पडायला वाट शोधतं. क्रँकशाफ्टच्या टोकांशी रबराच्या गोल कड्या असतात. त्यांना ऑइल सील म्हणतात. त्या सीलमधून किंवा जोडांमधल्या पॅकिंगमधून तेल झिरपू लागतं. सकाळी गाडी काढल्यावर खाली जमिनीवर काळे थेंब दिसतात, ते असेच.

तिसरी वाट हवेच्या नळीची. इंजिनात साचणारी वाफ बाहेर काढून ती पुन्हा जळण्यासाठी पाठवणारी एक नळी असते. तेल जास्त झालं की वाफेबरोबर तेलही त्या नळीतून जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं. मग सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि करपलेला वास येतो. स्पार्क प्लग तेलाने माखतात. शिवाय धूर कमी विषारी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचं एक महागडं यंत्र सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेलं असतं. आपल्या देशात नव्या पेट्रोल मोटारींना ते १९९५ साली आधी चार महानगरांत सक्तीचं झालं. जळक्या तेलाने तेही खराब होऊ शकतं.

डिझेलच्या गाड्यांमध्ये क्वचित एक भयंकर प्रकार घडतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेतच इंधन पेट घेतं. हवेच्या वाटेने बरंच तेल आत जाऊ लागलं, तर इंजिन त्या तेलावरच धावू लागतं. चावी फिरवून बंद केली तरी ते थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. वेग आपोआप वाढत जातो आणि कधी कधी इंजिन फुटतं. असं होताना दिसलं, तर मुलांनी बघत उभं राहायचं नाही. लगेच लांब पळायचं.

पण हे सगळं वाचून एकदम घाबरू नका. तेल खुणेच्या किंचितच वर गेलं, तर इंजिन लगेच मोडत नाही. नुकसान किती होईल, हे तेल किती जास्त आहे आणि गाडी किती चालवली, यावर ठरतं. म्हणूनच वेळेवर कळणं महत्त्वाचं.

जास्त तेल पडतंच कसं?

तुम्ही म्हणाल, मोठी माणसं मोजून टाकत नाहीत का? टाकतात. तरीही होतं. कसं ते पाहा.

पहिलं कारण घाई. इंजिन नुकतंच बंद केलेलं असतं. बरंचसं तेल अजून वरच्या भागांतच असतं, खाली उतरलेलं नसतं. तेवढ्यात कुणी मोजतं. तेल कमी दिसतं, म्हणून वरून टाकतं. पाच-दहा मिनिटांनी वरचं तेल खाली येतं आणि पातळी खुणेच्या वर जाते!

दुसरं कारण उतार. गाडी चढावर किंवा तिरकी उभी असेल, तर आतलं तेल एका बाजूला जातं आणि माप चुकतं.

तिसरं कारण पुरा डबा. इंजिनाला लागतं तीन लिटर आणि डबा साडेतीन लिटरचा. "अर्धा लिटर कशाला शिल्लक ठेवायचं?" म्हणून सगळाच ओततात. किंवा जुनं तेल पुरतं काढलेलं नसतं आणि नवं मात्र पूर्ण मापाने टाकलं जातं.

चौथं कारण सगळ्यांत साधं. दोघांनी टाकलं! आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील वडापची जीप चालवतात. एका रात्री त्यांनी तेल कमी दिसलं म्हणून लिटरभर टाकलं आणि झोपले. पहाटे त्यांच्या धाकट्या भावाने, दादाला मदत व्हावी म्हणून, आणखी एक लिटर टाकलं. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. सकाळी जीप निघाली. दोन किलोमीटरवर मागून निळा धूर यायला लागला. वडिलांनी जीप तिथेच कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि मेकॅनिकला बोलावणं धाडलं. त्याने जास्तीचं तेल काढलं. अर्ध्या दिवसाची कमाई गेली, पण इंजिन वाचलं. "तसाच तालुक्यापर्यंत गेलो असतो, तर पोरांच्या फीचे पैसे इंजिनात गेले असते," असं ते म्हणाले. धूर दिसताच ते थांबले, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं.

आणि कधी कधी कुणी एक थेंबही न टाकता तेलाची पातळी वाढते! हे कसं? काही नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी थोडं जादा डिझेल सोडलं जातं. गाडी रोज अगदी जवळच्या जवळ फिरत असेल, तर ही साफसफाई अर्धवट राहते आणि डिझेल तेलात मिसळत जातं. किंवा आत कुठे गळती होऊन रेडिएटरचं पाणी तेलात येतं. मग तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशा वेळी नुसतं जास्तीचं तेल काढून भागत नाही. गाडी गॅरेजलाच दाखवावी लागते.

मोजायचं कसं?

इंजिनात एक लांब, पातळ पट्टी खोचलेली असते. तिला डिपस्टिक म्हणतात. तिच्या टोकाजवळ दोन खुणा असतात. खालची खूण म्हणजे 'याहून कमी नको' आणि वरची म्हणजे 'याहून जास्त नको'. तेल या दोहोंच्या मध्ये हवं.

गाडी सपाट जागी उभी करायची. हँडब्रेक ओढायचा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं. (काही गाड्यांचं तेल इंजिन थंड असताना मोजतात, काहींचं गरम असताना. हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेलं असतं.) पट्टी बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा काढल्यावर वाचायचं नाही, कारण तेल पट्टीला वरपर्यंत लागलेलं असतं.

मोटारसायकल सरळ, मधल्या स्टँडवर उभी करायची. तिची पट्टी तेलाच्या टोपणालाच असते. कित्येक मोटारसायकलींत हे टोपण आटे न फिरवता नुसतं टेकवून मोजतात, पण सगळ्यांत नाही. तेव्हा पुस्तिका पाहायची. आणि एक लक्षात ठेवा : लहान मोटारसायकलीला सगळं मिळून लिटरभराच्या आसपासच तेल लागतं. तिथे पाव लिटर जास्त म्हणजे फारच जास्त!

तुम्हाला एक जुनी गंमत सांगते. अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' नावाच्या दीड कोटीहून जास्त मोटारी बनवल्या. त्या मोटारीला कारखान्यातून डिपस्टिक येतच नसे! त्याऐवजी इंजिनाच्या खालच्या भागाला दोन छोट्या तोट्या होत्या, एक वर आणि एक खाली. खालची उघडली की तेल यायला हवं. नाही आलं, तर तेल कमी. वरची उघडली की तेल यायला नको. आलं, तर तेल जास्त. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही 'कमी' आणि 'जास्त' या दोन्हींची काळजी घेतलेली होती.

जास्त झालंय, आता काय करायचं?

आता मुख्य मुद्दा. हे काम मोठ्यांनीच करायचं आहे. मुलांनी शेजारी उभं राहून पाहायचं, विचारायचं आणि आठवण करून द्यायची.

१. इंजिन सुरू करायचं नाही. हा पहिला आणि सगळ्यांत मोठा नियम. इंजिन बंद आहे तोवर जास्तीचं तेल निमूट पडून राहतं. नुकसान घुसळण्याने होतं. गाडी रस्त्यात असेल आणि निळा धूर, करपट वास, खडखड आवाज किंवा ऑइलचा लाल दिवा यांपैकी काही जाणवलं, तर कडेला थांबून इंजिन बंद करायचं.

२. पुन्हा मोजायचं. थोडा वेळ थांबून, सपाट जागी, दोनदा मोजायचं. पहिलंच माप चुकलेलं असू शकतं.

३. किती जास्त आहे याचा अंदाज घ्यायचा. इथे तुमचं गणित उपयोगी पडेल! पुष्कळ मोटारींत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर तेल मावतं. समजा, दोन खुणांमध्ये वीस मिलिमीटर अंतर आहे आणि तेल वरच्या खुणेच्या पाच मिलिमीटर वर आहे. वीस मिलिमीटरला एक लिटर, तर पाचला किती? पाव लिटर! चेंबर सगळीकडे सारखा रुंद नसतो, म्हणून हा अंदाजच, पण कामाला येतो.

४. तेल काढायचं. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली, डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने तेल वर ओढायचं. ही रीत सोपी. थोडंथोडं मोजून काढता येतं आणि गाडीखाली जावं लागत नाही. दुसरी, चेंबरच्या तळाचा बोल्ट पान्याने सैल करून तेल खाली भांड्यात सोडायचं. हे गॅरेजवाल्यानेच केलेलं बरं. बोल्ट पुरता निघाला की तेल भसकन येतं आणि पाहिजे तेवढंच थांबवणं कठीण जातं. तापलेल्या तेलाने हात भाजतो. बोल्ट फार आवळला तर आटे जातात, सैल राहिला तर सगळंच तेल वाटेत सांडतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. जॅक घसरला तर गाडी अंगावर येते.

५. थोडं काढा, मोजा, पुन्हा थोडं काढा. एकदम सगळं काढायला गेलं तर कमी व्हायचं आणि पुन्हा भरत बसायचं! पातळी दोन खुणांच्या मध्ये आली की मिनिटभर इंजिन चालवायचं, बंद करून थांबायचं आणि शेवटचं एकदा मोजायचं.

६. जास्त तेलावर गाडी बरंच अंतर चालली असेल, तर नंतर गॅरेजमध्ये सील, स्पार्क प्लग आणि हवेचा फिल्टर तपासून घ्यायचा. पुढचे काही दिवस गाडीखाली थेंब पडतात का, हेही पाहायचं. हे काम मात्र तुम्ही मुलं छान करू शकता. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा.

तोंडाने तेल ओढायचं नाही!

रबरी नळी तोंडात धरून टाकीतलं पेट्रोल किंवा डिझेल ओढताना तुम्ही कुणाला पाहिलं असेल. इंजिनाचं तेल तसं कधीही ओढायचं नाही. मोठ्यांनीही नाही. पेट्रोल-डिझेलसुद्धा नाही. चुकून ते श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसाला इजा होते. वापरलेल्या तेलात धातूचे कण आणि जळताना तयार झालेली घातक द्रव्यं असतात. ते हाताला लागलं तर साबणाने लगेच धुवायचं.

काढलेलं तेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान भावंडं रंग बघून तोंडाला लावतात. झाकणाच्या डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरांत 'इंजिनचं जुनं तेल' असं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आणि ते ओतायचं कुठे? गटारात नाही, ओढ्यात नाही, परसात झाडाखालीही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाने एक गॅलन वापरलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. म्हणजे एका लिटरने दहा लाख लिटर! आपल्या विहिरीत किती पाणी असेल, त्याचा विचार करा. आपल्या देशातही कायद्याने वापरलेलं तेल घातक कचरा मानलं जातं आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणून हे तेल गॅरेजमध्ये नेऊन द्यायचं. तिथून ते जमा होऊन कारखान्यात जातं आणि शुद्ध होऊन पुन्हा वापरात येऊ शकतं.

तुमच्यासाठी एक काम

घरात गाडी असेल, तर एक छोटी वही करा. तिला दोरा बांधून गाडीच्या चावीजवळ अडकवा. चार रकाने आखा : तारीख, किती किलोमीटर झाले, किती तेल टाकलं आणि कोणी टाकलं. ज्याने तेल टाकलं, त्याने लगेच लिहायचं आणि दुसऱ्याने तेल टाकण्याआधी वाचायचं. वडापच्या जीपमध्ये आता अशी वही आहे आणि ती लिहायचं काम आमच्या त्या विद्यार्थिनीकडे आहे. तिचं अक्षरही त्यामुळे सुधारलं, हा आमचा फायदा!

सांगा पाहू

१. इंजिन बंद केल्याबरोबर तेल मोजलं तर ते कमी का दिसतं?
२. तेल जास्त असूनही बेअरिंगला ते कमी का मिळतं?
३. एका मोटारीच्या डिपस्टिकवर दोन खुणांमध्ये २४ मिलिमीटर अंतर आहे आणि तेवढ्यात एक लिटर तेल मावतं. तेल वरच्या खुणेच्या १२ मिलिमीटर वर आहे. खुणेपर्यंत आणायला अंदाजे किती तेल काढावं लागेल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखातच आहेत, शोधून काढा. तिसऱ्याचं उत्तर : अर्धा लिटर. पण आधी स्वतः गणित करा आणि मगच उत्तर ताडून पाहा हं!